वापरलेल्या अणुइंधनाचं भिजत घोंगडं

१९५४ पासून आजवर जगभरातल्या अणुवीज केंद्रांमधून सुमारे चार लाख टन वापरलेलं इंधन बाहेर पडलं आहे. त्यातल्या साधारण एक तृतीयांशावर पुनर्प्रक्रिया झाली, म्हणजे त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढलं गेलं. बाकीचं कुठे पाण्याच्या तलावात, तर कुठे पोलाद आणि काँक्रीटच्या जाडजूड बंद डब्यांत, म्हणजे कास्कमध्ये पडून आहे. ते कायमचं ठेवायची जागा इतक्या वर्षांत एकाच देशाने, फिनलंडने, बांधून तयारीच्या टप्प्यावर आणली. अणुऊर्जेच्या बाबतीत हा देश काही फार मोठा नाही.

असं का, म्हणून विचारलं की दोन उत्तरं कानावर येतात. अणुऊर्जेचे विरोधक म्हणतात, या कचऱ्यावर उपायच नाही. समर्थक म्हणतात, कचरा आहेच किती, कास्कमध्ये सुखरूप आहे, राहू द्या. मला दोन्ही मान्य नाहीत. उपाय आहे, आणि ‘राहू द्या’ हा उपाय नव्हे. ज्या पिढ्यांनी ही वीज वापरली त्यांच्या हयातीत आणि त्यांच्याच पैशातून हे इंधन खोल खडकात गेलं पाहिजे. ज्या गावाखाली ते जाणार, त्या गावाला ठाम नकार देण्याचा अधिकारही असला पाहिजे. असा अधिकार दिला तर काम कायमचं अडेल अशी सरकारांना धास्ती वाटते. आजवरचा अनुभव नेमका उलटा आहे.

मुळात ही वस्तू काय आहे? युरेनियम ऑक्साइडच्या सेंटिमीटरभर उंचीच्या काळ्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांमध्ये एकावर एक रचलेल्या असतात. आज सर्वांत जास्त चालणाऱ्या दाबित पाण्याच्या भट्टीत अशा २६४ नळ्यांचा एक जुडगा होतो. तो चार मीटर लांब असतो आणि त्यात साधारण अर्धा टन युरेनियम असतं. भट्टीत जाण्याआधी माणसं हातमोजे घालून या जुडग्याची तपासणी करू शकतात. काही वर्षांनी तोच जुडगा बाहेर येतो तेव्हा दिसायला जवळपास तसाच असतो, पण कसलाही आडोसा न घेता त्याच्याजवळ उभं राहणं म्हणजे मृत्यू. दहा वर्षं उलटल्यावरही काही मिनिटांत प्राणघातक मात्रा मिळते. म्हणून त्याला हवेत आणतच नाहीत. भट्टीचं झाकण काढताना वरचा हौद पाण्याने भरतात, आणि लांब दांड्याच्या यंत्राने जुडगा पाण्याखालूनच उचलून शेजारच्या तलावात नेतात. तलाव बारा-एक मीटर खोल असतो आणि जुडग्यांच्या डोक्यावर सात मीटर पाणी असतं. नुकत्याच काढलेल्या इंधनाभोवती पाण्यात निळा उजेड दिसतो. काठावर उभा असलेला कामगार तो उजेड पाहत निर्धास्त काम करू शकतो, कारण मधलं पाणी किरणोत्सर्ग अडवतं. तेच पाणी उष्णताही वाहून नेतं.

ही उष्णता समजून घेतली नाही तर पुढचं काहीच समजत नाही. भट्टी बंद केली की विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची क्रिया, थांबतं, पण विखंडनातून तयार झालेली मूलद्रव्यं क्षय पावत राहतात. बंद केल्या क्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. ती पहिल्या दिवसात झपाट्याने उतरते आणि मग वर्षानुवर्षं रेंगाळते. बाहेर आलेल्या इंधनात ९५ टक्क्यांच्या आसपास युरेनियमच असतं, एक टक्का प्लुटोनियम आणि उरलेले तीन-चार टक्के विखंडनाचे अवशेष. त्यातल्या सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास आहे, त्यामुळे सुरुवातीच्या काळात मोठा भार त्यांचाच. ते विझत आले की प्लुटोनियम-२३९ उरतं, २४,१०० वर्षांच्या अर्धायुष्याचं. मूळ युरेनियमच्या खनिजाइतका उपद्रव उरायला लाखभर वर्षांहून जास्त काळ लागतो.

समर्थकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, हा कचरा आकाराने खरोखर थोडा आहे. हजार मेगावॉटच्या भट्टीतून वर्षाला वीस-पंचवीस टन. कोळसा जाळणारं केंद्र एवढी राख बघता बघता काढतं. शिवाय अणुइंधन घन असतं, मोजून ठेवलेलं असतं, प्रत्येक जुडग्यावर क्रमांक असतो. ते सांडत नाही, वाहत नाही.

कास्कबद्दलचं त्यांचं कौतुकही रास्त आहे. तलावात काही वर्षं निवलेले जुडगे पोलादी डब्यात ठेवतात, आतलं पाणी काढून हेलियम भरतात, डबा वेल्डिंगने किंवा बोल्टने बंद करतात आणि त्याभोवती काँक्रीटचं किंवा पोलादाचं जाड कवच चढवतात. पंप नाही, वीज नाही. हवा आपोआप खेळते आणि उष्णता नेते. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमा दाइचीत या दोन पद्धतींची परीक्षा एकाच दिवशी झाली. चौथ्या भट्टीच्या तलावात १,५३५ जुडगे होते. इमारतीचं छप्पर उडाल्यावर तलाव कोरडा पडला की काय या शंकेने जगाची झोप उडाली. अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं, त्यामागे ही शंकाही होती. सुदैवाने पाणी टिकलं होतं, आणि २०१४ संपेपर्यंत सगळे जुडगे तिथून हलवले गेले. त्याच आवारात नऊ कास्कमध्ये ४०८ जुडगे होते. त्या इमारतीत त्सुनामीचं पाणी शिरलं, चिखल आणि भंगार आलं, पण कास्क शाबूत राहिले. यातून निघणारा पहिला निष्कर्ष सरळ आहे. तलावांत खच्चून भरलेलं, निवलेलं इंधन लवकरात लवकर कास्कमध्ये गेलं पाहिजे. यावर वाद घालण्यात वेळ घालवण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

पण कास्क टिकतो तो भोवतालची व्यवस्था टिकते तोवर. पहारा हवा, तपासणी हवी, शे-सव्वाशे वर्षांनी डबे बदलायला यंत्रणा आणि जाणकार माणसं हवीत, आणि या सगळ्याला पगार देणारं सरकार हवं. कोला द्वीपकल्पावरच्या अँड्रेयेवा उपसागरात सोव्हिएत नौदलाने पाणबुड्यांचं वापरलेलं इंधन साठवलं होतं, सुमारे २२,००० जुडगे. १९८२ मध्ये तिथला तलाव गळू लागला. घाईघाईत इंधन दुसऱ्या टाक्यांमध्ये हलवलं, ‘सध्यापुरतं’ म्हणून. नऊ वर्षांनी ते नौदल ज्या देशाचं होतं तो देशच नकाशावरून गेला. टाक्यांमध्ये पाणी शिरलं, जुडगे गंजले, आणि नॉर्वेपासून ब्रिटनपर्यंतच्या देशांनी पैसे घातल्यावर २०१७ च्या जूनमध्ये तिथून पहिली खेप निघाली. पस्तीस वर्षं. प्लुटोनियमच्या हिशेबात हा काळ काहीच नाही, पण तेवढ्यात एक महासत्ता संपली. युक्रेनमधल्या झापोरिझिया अणुवीज केंद्रात तर १७० हून जास्त कास्क उघड्यावर उभे आहेत, आणि २०२२ पासून ते केंद्र युद्धाच्या आघाडीवर आहे. ते कास्क बसवताना तिथे तोफगोळे पडतील असा विचार कोणी केला नव्हता.

अमेरिकेतल्या मेन राज्यात विस्कॅसेट गावाजवळ एक अणुवीज केंद्र होतं. ते १९९० च्या दशकात बंद झालं आणि २००५ पर्यंत पाडून साफही झालं. भट्टी नाही, चिमणी नाही, वीज नाही. उरलं आहे एक कुंपण, सशस्त्र पहारेकरी आणि काँक्रीटच्या ओट्यावर ६४ कास्क. त्यांतल्या ६० मध्ये वापरलेलं इंधन आहे, चारांत किरणोत्सारी झालेलं पोलाद. त्यांच्या राखणीला वर्षाला एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च येतो. या इंधनाला जायला जागा नाही, म्हणून गावाला ती जमीन परत मिळत नाही. अपघात झाला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं हे ठिकाण पाहून कोणी म्हणू नये.

मग हलवायचं म्हटलं की वाहतुकीची भीती पुढे येते, आणि इथे मी घाबरणाऱ्यांच्या बाजूने नाही. वाहतुकीचा कास्क शंभर टनांहून जड असू शकतो आणि आत इंधन असतं त्याच्या लहानशा हिश्शाइतकं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याची रचना नऊ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटणं, मीटरभर उंचीवरून पोलादी खुंटावर पडणं, आठशे अंशांच्या आगीत अर्धा तास राहणं आणि पाण्यात बुडणं, हे सगळं सोसेल अशी असावी लागते. १९८४ च्या जुलैमध्ये ब्रिटनमधल्या ओल्ड डॅल्बी इथे रुळांवर आडवा टाकलेल्या एका कास्कवर ताशी १६० किलोमीटर वेगाने आगगाडी सोडली, तीही टीव्ही कॅमेऱ्यांसमोर. इंजिनाचा चक्काचूर झाला. कास्कच्या आतल्या दाबात नगण्य घट झाली. गेल्या पन्नास वर्षांत रस्त्याने, रेल्वेने आणि समुद्रातून हजारो खेपा गेल्या आहेत, आणि अपघातात कास्क फुटून किरणोत्सर्गाने लोकांचा जीव गेल्याची घटना नाही. स्वीडनमध्ये तर दशकानुदशकं खास बांधलेलं जहाज हे इंधन किनाऱ्याकिनाऱ्याने मध्यवर्ती तलावाकडे नेत आलं आहे आणि त्याची बातमीही होत नाही.

तरी जर्मनीत गोर्लेबेनच्या अणुकचरा साठवणीकडे जाणारी प्रत्येक आगगाडी लढाई का ठरली? १९९५ ते २०११ या काळात लोक रुळांवर बसले, स्वतःला साखळदंडांनी बांधून घेतलं, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आडवे लावले आणि हजारो पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्या पुढे सरकल्या. त्यातले पुष्कळ लोक कास्क फुटेल म्हणून बसले नव्हते. १९७७ मध्ये राज्य सरकारने कोणाला न विचारता, पूर्व जर्मनीच्या सीमेलगतचं हे विरळ वस्तीचं ठिकाण कचरा कायमचा पुरण्यासाठी निवडलं होतं, त्यावर त्यांचा राग होता. तिथे आलेला प्रत्येक कास्क ‘आता इथेच राहणार’ हे पक्कं करत होता. त्यातच १९९८ मध्ये उघड झालं की कास्कच्या पृष्ठभागावर मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सारी मळ सापडत होता आणि उद्योगाने ते बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल यांना वाहतूक थांबवावी लागली. त्या मळाने कोणाला इजा झाल्याचं निष्पन्न झालं नाही, पण विश्वास गेला तो गेलाच. शेवटी २०२० मध्ये नव्याने झालेल्या भूवैज्ञानिक पडताळणीत गोर्लेबेनची जागा बादच झाली. त्रेचाळीस वर्षं ज्यांना अडाणी आणि प्रगतीचे शत्रू म्हटलं गेलं, त्यांची मूळ तक्रार खडकानेच खरी ठरवली.

खोल खडकात पुरणं म्हणजे खड्डा खणून माती लोटणं नव्हे. फिनलंडने बांधलेल्या ओंकालो या जागेत ४०० मीटरहून खोल, एक अब्जाहून जास्त वर्षं जुन्या खडकात बोगदे आहेत. जुडगे ओतीव लोखंडाच्या चौकटीत बसतात, त्यावर पाच सेंटिमीटर जाड तांब्याचा डबा, डब्याभोवती बेंटोनाइट माती. ही माती ओली झाली की फुगते आणि भेगा बुजवते. शेवटी बोगदेही बुजवले जातात. त्यानंतर पहारा लागत नाही, वीज लागत नाही, त्या भूमीवर कोणाचं राज्य आहे हेही महत्त्वाचं उरत नाही. माझ्या मते या पद्धतीचा खरा गुण हाच आहे.

हे लाखो वर्षं टिकेल कशावरून, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गॅबनमधल्या ओक्लोच्या युरेनियम खाणीत १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना आढळलं की सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वी तिथल्या खनिजात आपोआप साखळी-विखंडन पेटलं होतं. त्यात तयार झालेलं प्लुटोनियम आणि बरेचसे अवशेष, भोवती पाणी असूनही, जागेपासून फारसे हलले नव्हते. हा पुरावा दिलासा देतो, पण प्रत्येक जागेला लागू पडतो असं नाही. जर्मनीतलीच अस्सेची मिठाची खाण बघा. १९६७ ते १९७८ मध्ये तिथे कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची सव्वा लाखाहून जास्त पिंपं टाकली. आज रोज हजारो लिटर खारं पाणी आत झिरपतं आहे आणि सगळी पिंपं पुन्हा वर काढायचं ठरलं आहे. जुनी, पोखरलेली खाण स्वस्तात मिळाली म्हणून वापरली, त्याची ही किंमत.

म्हणूनच स्वीडनमध्ये २०१८ साली जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. फोर्समार्क इथे इंधन पुरण्याच्या जागेचा अर्ज पर्यावरण न्यायालयापुढे आला, तेव्हा प्राणवायू नसलेल्या पाण्यातही तांबं गंजू शकतं का, या काही संशोधकांच्या शंकेवर तिथे गांभीर्याने सुनावणी झाली. न्यायालयाने म्हटलं, या शंकेचं निरसन करा, मगच परवानगी. कंपनीला नव्याने अभ्यास मांडावा लागला. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये काम सुरू झालं. चार वर्षं गेली, पण त्या चार वर्षांनी प्रकल्पाला जी पत मिळाली ती कुठल्या जाहिरातीने मिळाली नसती.

आता नकाराधिकाराकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा केला: अनेक जागा तपासायच्या, तुलना करायची, आणि ३१ जानेवारी १९९८ पासून सरकारने इंधन ताब्यात घ्यायचं. १९८७ मध्ये तीन जागा उरल्या होत्या, टेक्सास, वॉशिंग्टन आणि नेवाडा. प्रतिनिधीगृहाचे सभापती टेक्सासचे होते आणि बहुमत पक्षाचे नेते वॉशिंग्टनचे. काँग्रेसने कायदा बदलून बाकीच्या जागांची तपासणीच बंद केली आणि नेवाडातला युक्का पर्वत तेवढा ठेवला. नेवाडात एकही अणुवीज केंद्र नव्हतं. वीज दुसऱ्यांनी वापरायची आणि इंधन यांच्या गळ्यात मारायचं, हे उघड दिसत होतं. २००२ मध्ये राज्याने कायद्याने दिलेला नकार वापरला आणि काँग्रेसने तो मोडून काढला. मग नेवाडाने न्यायालयात आणि संसदेत मिळेल त्या वाटेने झुंज दिली, आणि २०१० पर्यंत सरकारनेच माघार घेतली. त्या डोंगरावर अब्जावधी डॉलर गेले आणि एक जुडगाही आत गेला नाही. आता कबूल केलेल्या तारखेला इंधन नेलं नाही म्हणून सरकार वीज कंपन्यांना भरपाई देतं आहे. दहा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम करदात्यांच्या खिशातून गेली आहे.

फिनलंडच्या कायद्यात गावाने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपतो, संसदही तो नकार बदलू शकत नाही. २००० च्या जानेवारीत, ओंकालो जिच्या हद्दीत आहे त्या युरायोकीच्या नगरपरिषदेने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, पुढच्या वर्षी संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी. स्वीडनमध्ये शेवटच्या फेरीत दोन नगरपालिका होत्या, ओस्टहामर (फोर्समार्क तिच्याच हद्दीत आहे) आणि ऑस्करशाम. निवड जाहीर होण्याआधीच करार झाला की विकासासाठी ठेवलेल्या दोन अब्ज क्रोनरपैकी तीन चतुर्थांश रक्कम जागा न मिळणाऱ्या नगरपालिकेला जाईल. पैशासाठी कोणी होकार देतं आहे असं म्हणायला त्यामुळे जागाच उरली नाही. कॅनडात २०१० पासून २२ वस्त्यांनी आपणहून चौकशी केली. एकेक करत यादी आटत गेली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इग्नेस गाव आणि वाबिगून लेक ओजिब्वे या आदिवासी राष्ट्राच्या संमतीने तिथली जागा ठरली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. या गावांपैकी युरायोकी आणि ओस्टहामर यांच्या हद्दीत आधीपासून भट्ट्या होत्या, लोकांना नोकऱ्या होत्या, सवय होती. मग हा होकार कितपत मोकळा? मला वाटतं, पूर्ण मोकळा नाही. पण इंधन त्यांच्या अंगणात आधीच होतं. खाली पुरायचं की वर ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. आणि ज्यांनी भट्टीचा फायदा घेतला त्यांनीच तिचं उरलेलं सांभाळावं, हे नेवाडाच्या तुलनेत कितीतरी न्याय्य आहे.

फिनलंडची आणखी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९९० च्या दशकापर्यंत त्यांच्या एका केंद्राचं इंधन रशियात जात होतं. १९९४ मध्ये त्यांनी कायदा करून अणुकचऱ्याची निर्यात आणि आयात दोन्ही बंद केली. दुसऱ्याकडे पाठवायची वाट बंद झाली, तेव्हा घरचा बोगदा पुढे सरकला.

पुनर्प्रक्रियेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. फ्रान्स, रशिया, जपान, भारत या देशांनी तिचा मार्ग धरला, आणि युरेनियम-प्लुटोनियम वाया घालवायचं का, हा त्यांचा प्रश्न अर्थहीन नाही. पण तिने पुरण्याच्या जागेची गरज संपत नाही. काचेत गोठवलेला तीव्र कचरा उरतोच. फ्रान्सने दशकानुदशकं पुनर्प्रक्रिया करूनही ब्यूरजवळ ५०० मीटर खोल मातीच्या थरात जागा आखली आहे. जपानच्या रोक्काशो कारखान्याचं बांधकाम १९९३ मध्ये सुरू झालं आणि तीस वर्षांनंतरही पूर्ण झालं नाही. ब्रिटनने १४० टनांच्या आसपास प्लुटोनियम वेगळं काढलं, त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि २०२५ मध्ये सरकारने ते गोठवून पुरायचं ठरवलं. पुनर्प्रक्रिया करायची तर करा, पण ‘आमच्याकडे कचराच नाही’ असं सांगून जागेचा शोध टाळणं हा लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार आहे.

राहता राहिला पैसा. अमेरिकेत ग्राहकांनी प्रत्येक युनिटमागे एक दशांश सेंट मोजला. त्यातून चाळीस अब्ज डॉलरहून मोठा निधी जमला, पण तो सरकारी खजिन्याच्या हिशेबात असा अडकला आहे की काँग्रेसने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला छदामही खर्च होत नाही. जर्मनीने २०१७ मध्ये कंपन्यांकडून २४ अब्ज युरो एकरकमी घेऊन वेगळ्या निधीत गुंतवले. तोही मार्ग निर्दोष नाही, कारण खर्च वाढला तर बोजा जनतेवर येतो, पण पैसा निदान कामासाठी राखलेला आहे. कंपनी आज आहे, उद्या नसेल. म्हणून वीज विकली जात असतानाच रक्कम वेगळी काढली पाहिजे आणि ती अर्थमंत्र्याच्या हाताबाहेर ठेवली पाहिजे.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुऊर्जा तिप्पट करण्याचा संकल्प केला. तापमानवाढ पाहता मी त्याच्या विरोधात नाही. पण तिप्पट भट्ट्या म्हणजे इंधनही त्याच पटीत, आणि जुनं तर अजून ओट्यावरच उभं आहे. स्वीडनने १९७७ मध्ये एक कायदा केला होता: वापरलेल्या इंधनाची सुरक्षित व्यवस्था कशी लावणार हे दाखवल्याशिवाय नव्या भट्टीत इंधन भरता येणार नाही. वीज कंपन्या तेव्हा चिडल्या, पण त्या अटीपोटीच त्यांनी मिळून संशोधन सुरू केलं आणि तांब्याच्या डब्याची आजची पद्धत त्यातूनच उभी राहिली. नव्या भट्ट्यांना परवाने देणाऱ्या प्रत्येक संसदेने आज तोच कायदा करावा, आणि आधी साठलेल्या इंधनाची जागा ठरवण्याची मुदतही त्यातच लिहावी.